क्लब राईडला मागे पडलो, कोणी थांबलंच नाही. चूक माझी, गाडीची का क्लबची?

उशिरा_किक

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे आणि लांब झालीये, सांभाळून घ्या.

वडिलांची जावा २५० आहे माझ्याकडे. बरीच वर्षं गोणपाटाखाली पडून होती, गेल्या वर्षभरात सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत चालू केली. टाकी आतून साफ केली, कार्बोरेटर उघडून धुतला, वायरिंग बदललं, टायर-ट्यूब नवीन. जवळपास फिरवत होतो तेव्हा काही तक्रार नव्हती म्हणून धीर करून एका जुन्या गाड्यांच्या क्लबात नाव घातलं आणि मागच्या रविवारी त्यांच्याबरोबर पहिल्या ग्रुप राईडला गेलो. जाऊन-येऊन १६० किमी, सगळा आतला रस्ता, दोन्ही बाजूला शेतं, मध्ये छोटी गावं आणि एक छोटासा घाट. एकूण १४ गाड्या. बुलेट जास्त, दोन-तीन येझदी, एक आरडी ३५०, एक बीएसए (तिच्याभोवती सगळे फोटो काढत होते) आणि दोन अगदी नवीन, म्हणजे दिसायला जुन्या पण डिस्क ब्रेकवाल्या.

निघताना लीडर म्हणाला सगळे एकत्र राहू, फार पळवायचं नाही, पहिला स्टॉप धरणावर. बस एवढंच, आणि गेला. माझी किक जरा उशिरा लागते (आयडी उगाच नाही घेतला) त्यामुळे मी सगळ्यात शेवटी. पहिले ३० किमी मात्र काय सांगू, सुख. ४०-४५ ने चाललो होतो, पुढे बुलेटांचा तो ठोका आणि मधूनच एखाद्या टू-स्ट्रोकचा धूर, शेतातली माणसं काम थांबवून बघत होती.

मग गावं संपली, सरळ रस्ता लागला, पुढच्यांनी वेग वाढवला. मी पण ६०-६५ ला नेली आणि पाच-सात मिनिटांत गाडी ओढेना. मिसफायर नाही, फटफट नाही, कोणीतरी हळूहळू नळ बंद करावा तशी दम सोडत गेली आणि बंद. मी हात हलवला, हॉर्न मारला (६ व्होल्टचा हॉर्न, तो मलाच नीट ऐकू येत नाही), पुढचा वळणाआड गेला सुद्धा. दहा मिनिटं नुसता उभा राहिलो, किक मारली तर पहिल्या किकला चालू. आता गाठायला पाहिजे म्हणून पिळली, तर पाच-सहा किमीवर पुन्हा तेच. असं तीनदा.

तिसऱ्यांदा चालू झाल्यावर एक फाटा आला. तिथे कोणीच नाही. मी सरळ गेलो. ते डावीकडे गेले होते. ११ किमी पुढे गेल्यावर एका शेतकरीदादांना विचारलं तर म्हणाले इकडून एकही फटफटी गेली नाही सकाळपासून. मोबाईलला रेंज नाही. शेवटी एका पिकअपमध्ये गाडी टाकून घरी आलो.

क्लबवाल्यांना धरणावर पोचून गाड्या मोजल्यावर कळलं की एक कमी आहे. संध्याकाळी ग्रुपवर १३ गाड्या ओळीत उभ्या असलेला फोटो आला, खाली लिहिलेलं की मस्त राईड, सगळे सुखरूप. खरं सांगतो, ते वाचून जास्त लागलं.

तर दोन प्रश्न. एक, गाडीला काय झालं असेल? आणि दोन, अशा राईडला मागे राहिलेल्याची जबाबदारी कोणाची असते? मी उगाच मनाला लावून घेतोय का?

पॉइंट_पेपर

पहिला प्रश्न मी घेतो, दुसरा भांडणाचा आहे, तो इतर घेतील.

तुम्ही जे वर्णन केलंय ना, की मिसिंग नाही, हळूहळू दम सोडला, थांबल्यावर दहा मिनिटांनी पहिल्या किकला चालू, यात मला चार संशयित दिसतात. कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा डबा), पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या नळाची) जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि गरम होऊन पिस्टन पकडणं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसणं. शेवटचं सोडून द्या, पिस्टन पकडला असता तर किक दगडासारखी झाली असती आणि मागचं चाक जाम होऊन तुम्ही इथे वेगळीच पोस्ट टाकली असती.

कंडेन्सर गरम झाला की जातो आणि गार झाला की परत येतो, हे अगदी नेहमीचं. जावाला तर तो डायनामोच्या प्लेटवरच बसलेला असतो, इंजिनाच्या अंगाला, त्यामुळे सगळी धग त्यालाच. पण कंडेन्सरवाली गाडी अशी शांतपणे मरत नाही, ती आधी फटाके फोडते, झटके देते. खात्री करायची असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर उजव्या बाजूचं कव्हर काढा, गाडी चालू करा आणि पॉइंटकडे (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बघा. बारीकशी ठिणगी दिसली तर ठीक. निळी-पांढरी भरघोस ठिणगी तडतडताना दिसली तर कंडेन्सर बदला आणि पॉइंटवर पॉलिश पेपर मारून गॅप ०.४ मिमी करून घ्या.

माझं मत मात्र पेट्रोलकडे जातंय. ४० ला चालते आणि ६५ ला मरते, म्हणजे इंजिन जेवढं पितंय तेवढं खाली येत नाही. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं असतं तोवर पळते, ते संपलं की दम सोडते, उभी केली की थेंब थेंब करून परत भरतं. आता जाळीत कचरा आहे का झाकण हवा घेत नाहीये ते बघायला सोपी युक्ती आहे. पुढच्या वेळी बंद पडली की काही करायच्या आधी, म्हणजे उतरायच्याही आधी, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत गेली तर चोर सापडला. मग प्लग काढून बघा, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला असेल तर ठिणगीचा प्रॉब्लेम. हे सगळं गाडी बंद पडल्या पडल्या करायचं बरं का, दहा मिनिटं वाट बघितली की पुरावा नष्ट.

एक विचारतो. टाकी काठोकाठ भरली होती का निघताना? आणि टाकी साफ केली तेव्हा झाकणाला काही केलंत का?

शेपटीवाला

मी आमच्या ग्रुपात गेली कित्येक वर्षं सगळ्यात शेवटी चालवतो, म्हणून हक्काने लिहितोय. उशिरा_किक भाऊ, तुम्ही शेवटी होतात हीच मुळात चूक, आणि ती तुमची नाही. नवीन माणूस, पहिली राईड, न तपासलेली गाडी, तो शेवटी नसतोच. त्याची जागा लीडरच्या लगेच मागे. लीडर आरशात त्यालाच बघत वेग ठरवतो. आणि सगळ्यात शेवटी राहतो तो ग्रुपमधला जुना खोंड, ज्याची गाडी भरवशाची आहे, ज्याच्या डिकीत ट्यूब, पंप, टायर लिव्हर, क्लच केबल, प्लग, तार असं सगळं आहे आणि ज्याला कुठेही पोचायची घाई नाही. त्याच्या मागे कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. तुमच्या क्लबाने ही जागाच भरली नाही.

आता हे एकत्र राहू प्रकरण. ऐकायला गोड वाटतं पण हिशोब करून बघा. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर पाहिजे, निदान वळणावळणाच्या रस्त्यावर जिथे एकामागे एकच चालवतात. १४ गाड्या म्हणजे १३ अंतरं, म्हणजे २६ सेकंद, म्हणजे पहिली आणि शेवटची यांच्यात ४४० मीटर. शेताच्या रस्त्यावर ४४० मीटरमध्ये दोन वळणं आणि एक झाडी सहज येते. लीडरला शेवटचा दिसणं शक्यच नाही, त्याला दिव्यदृष्टी थोडीच आहे.

त्यात स्प्रिंगचा खेळ होतो. गावात सगळे ३० वर येतात, लीडर गावाबाहेर पडतो आणि ६० करतो, तेव्हा शेवटचा अजून गावात कुत्री चुकवत ३० नेच चाललेला असतो. बाहेर पडेपर्यंत पुढचे लांब गेले, म्हणून तो ७५ करतो. लीडर मात्र प्रामाणिकपणे सांगतो की अहो मी तर ६० च्या वर गेलोच नाही. दोघंही खरं बोलत असतात. आणि जुन्या २५० ला ७५ म्हणजे जवळजवळ कान पिळून पळवणं.

यावर उपाय जुना आहे, जगभर वापरतात, दुसऱ्या गाडीला सोडत जायचं. म्हणजे फाटा आला की लीडर हाताने खूण करतो, त्याच्या लगेच मागचा जो असेल तो तिथे सुरक्षित जागा बघून थांबतो, लांबून दिसेल असा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो. तो तिथून हलत नाही, कितीही वेळ होऊ दे, शेपटीवाला दिसेपर्यंत. शेपटीवाला आला की त्याच्या पुढे लागायचं. पुढच्या फाट्याला आता जो दोन नंबरला असेल तो थांबतो. यात कोणाला कोणाच्या नजरेत राहायची गरजच नाही, प्रत्येकाने आपल्या वेगाने यावं, फाट्यावर माणूस असेल तर वळावं, नसेल तर सरळ. कोणाची गाडी बंद पडली तर शेपटीवाला त्याच्यापाशी थांबतो, त्यामुळे फाट्यावरचा माणूस अडकून राहतो, लीडरला पुढच्या स्टॉपवर कळतं की साखळी कुठेतरी थांबलीये, आणि तो फाट्याफाट्यावरच्या माणसांना विचारत उलटा येतो. तुमच्या त्या फाट्यावर एक माणूस उभा असता तर ही पोस्टच आली नसती.

एकटाच_जातो

मला शिव्या पडतील पण लिहितो.

क्लब म्हणजे टोइंग व्हॅन नाही. पन्नास-साठ वर्षांची गाडी घेऊन १६० किमी जाणार, तर आधी एकट्याने त्याच वेगाने ५०-६० किमी सलग चालवून बघायला नको का? जवळपास फिरवत होतो म्हणे. जवळपास फिरवताना गाडी नीट गरम सुद्धा होत नाही. तिचे खरे रोग तासाभराने बाहेर येतात.

दुसरं, रस्ता माहीत नव्हता तर कागदावर लिहून टाकीवर चिकटवायचा. कुठल्या गावानंतर डावं, कुठे उजवं, किती किमीवर. रेंज जाते, बॅटरी जाते, चिकटपट्टीने लावलेला कागद जात नाही. इंग्लंडात बॅनबरी रन म्हणून आहे, १९३० पर्यंत बनलेल्या गाड्यांची, तिथे १४ काय शेकडो गाड्या असतात आणि सगळा कळप एकदम सोडत नाहीत, ठरावीक वेळाने थोड्या थोड्या सुटतात, हातात रस्त्याचा कागद, आपली गाडी आपला वेग. कोणी कोणाच्या मागे धावत नाही. मला तर जुन्या गाडीचा तोच एक शहाणा प्रकार वाटतो, घोळका करून जाणं मुळात जुन्या गाडीच्या स्वभावात नाही. प्रत्येक इंजिनाचा एक वेग असतो जिथे ते खूश असतं. बुलेटचा वेगळा, जावाचा वेगळा, आरडीचा तर विचारूच नका. चौदा जणांना एका वेगाने न्यायचं म्हणजे तेरा जणांना त्रास.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. बंद पडून चालू झाल्यावर तुम्ही ती पिळलीत. का? गाडी तुम्हाला सांगत होती की मला ६५ ला जमत नाहीये आणि तुम्ही तिला ७० ला नेत होतात. ४० ने गेला असता तर कदाचित धरणापर्यंत पोचलाही असता.

शेपटीवाला

@एकटाच_जातो, तिसऱ्या मुद्द्याला सलाम, बाकी थोडं थांबा. माणूस पिळतो कारण त्याला भीती वाटते की आपण सुटलो. ती भीती ग्रुपच्या पद्धतीने घालवायची असते, उपदेशाने नाही. फाट्यावर कोणीतरी उभं आहे याची खात्री असती तर त्याने ४० नेच नेली असती ना. आणि तुम्ही एकटे जाता म्हणून, नाहीतर तुमच्यासाठी पण थांबलो असतो, किती शिव्या दिल्यात तरी :)

रोडकिंगवाली

वरच्या सगळ्या काका लोकांनी छान लिहिलंय पण टू-स्ट्रोकवाल्यांचं कोणी काही बोललं नाही म्हणून मी येते. माझ्याकडे येझदी रोडकिंग आहे, ग्रुपबरोबर नियमित जाते.

उशिरा_किक दादा, तुम्ही घाटाच्या आधीच बंद पडलात हे एका अर्थी बरं झालं असं म्हणेन, कारण नवीन टू-स्ट्रोकवाल्याला खरा धडा उतारावर मिळतो. आपल्या जावा-येझदीच्या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेवढंच. लांब उताराला अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिन जोरात फिरतंय पण पेट्रोल जवळपास शून्य, म्हणजे ऑइलही शून्य. बुलेटवाले मागून आरामात इंजिन ब्रेकिंग करत येतात आणि आपण त्यांचं बघून तसंच करतो. मी केलंय. उतार संपता संपता पिस्टन पकडला आणि मागचं चाक एकदम घासत गेलं, नशीब हात क्लचवर होता. तेव्हापासून उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून एकदा अॅक्सिलरेटर द्यायचा, इंजिनाला एक घोट पाजायचा, मग परत. मागचे म्हणतात ही काय उगाच आवाज करतेय. करू देत.

पेट्रोलच्या स्टॉपचं पण आधी ठरवा. २५:१ च्या मिश्रणाला लिटरमागे ४० मिली ऑइल, म्हणजे १० लिटरला ४००. पंपावर मागे १३ गाड्या हॉर्न मारत असताना हा हिशोब डोक्यात होत नाही, माझा तर हमखास चुकतो. घरूनच छोट्या बाटल्यांवर खुणा करून न्यायच्या. आधी ऑइल ओतायचं, मग वरून पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं.

अजून दोन गोष्टी ज्या कुठल्याच ब्रीफिंगमध्ये सांगत नाहीत. एक, स्टॉपवरून निघताना लीडरने सगळ्यांची इंजिनं चालू झाल्याशिवाय हलायचं नाही. बुलेटवाला अॅमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेशन (किक हलकी करणारा लिव्हर) दाबून, देवाचं नाव घेऊन किक मारणार, त्याला वेळ लागतो. जावा-येझदीला तर किक आणि गिअर एकच दांडी, ती आत दाबून वर फिरवायची आणि चालू झाल्यावर परत जागेवर आणायची. पुढचे सेल्फ मारून निघून गेले की आपण घाईत चार किका जास्त मारतो, गाडी ओव्हरफ्लो होते, मग झालंच. आमच्याकडे प्रत्येक जण अंगठा वर करतो, १४ अंगठे दिसले की निघायचं.

दोन, त्या डिस्क ब्रेकवाल्या नवीन गाड्या. त्यांना मागे ठेवा. पुढे डिस्कवाला आणि मागे जुन्या ड्रम ब्रेकची गाडी असली की पुढच्याने सहज दोन बोटांनी ब्रेक दाबला तरी मागच्याची धांदल उडते. शिवाय जुन्या ६ व्होल्टच्या गाडीचा ब्रेक लाइट दिवसाउजेडी दिसतो न दिसल्यासारखा. त्यामुळे थांबताना डावा हात खाली करून हलवायचा, ही सवय सगळ्यांनाच पाहिजे, नवीन गाडीवाल्यांनाही.

आणि हो, स्टॉपवर एकमेकांच्या गाड्या चालवून बघायचा मोह होतो, तो टाळा. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. सवय नसलेला माणूस घाबरला की उजवा पाय दाबतो आणि ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडतो. आमच्यातल्या एकाने अशीच दुसऱ्याची बुलेट उसाच्या शेतात नेली, दोघं अजून बोलत नाहीत.

उशिरा_किक

मंडळी, चोर सापडला आणि चोर मीच निघालो.

पॉइंट_पेपर काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. हो, टाकी काठोकाठ भरली होती. आणि हो, झाकणाला केलं होतं. जुना वायसर कडक होऊन चिरला होता, पेट्रोल डुचमळलं की टाकीवर ओघळायचं आणि नवा रंग खराब होत होता. म्हणून मी घरी रबराच्या शीटमधून गोल कापून नवा बसवला. छान घट्ट बसला, एक थेंब बाहेर येईना, मी खूश.

काल गाडी घेऊन मुद्दाम सरळ रस्त्यावर गेलो, ६५ ला धरली. साधारण तशीच दम सोडायला लागली. तुम्ही सांगितलंत तसं बसल्या बसल्याच झाकण फिरवलं. फुस्स नाही हो, चांगला सूं करून आवाज आला, प्रेशर कुकरचा उलटा. झाकण बंद करायच्या आत एक किक, चालू. प्लग काढून बघितला तर कोरडा आणि पांढुरका पडलेला. घरी येऊन झाकण उलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला ते टाचणीएवढं भोक असतं ना हवेचं, बरोबर त्याच्यावर माझा वायसर. मधलं वर्तुळ मी दोन-तीन मिलिमीटर लहान कापलं होतं. पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून मी हवाच आत येऊ देत नव्हतो.

आणि @एकटाच_जातो, तुमचा राग आला होता वाचताना, आता नाही. हळू चालवत होतो तोवर कडेकडेने जी थोडी हवा शिरत होती ती पुरत होती. पिळली की पुरत नव्हती. म्हणजे गाठायला म्हणून जेवढा पळवत होतो तेवढा लवकर बंद पडत होतो.

पॉइंट_पेपर

आता लगेच त्या भोकात सुई घालून मोठं करू नका, त्याचं माप आहे तेवढंच बरोबर आहे. वायसर नीट मापाने कापा. आणि साधं रबर वापरलं असेल तर तेही फेका, पेट्रोलने फुगतं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर जास्तच लवकर. पेट्रोलला टिकणारं रबर मागा, नायट्राइल म्हणतात. हाच नियम पाइपला आणि कॉकच्या वायसरला.

पांढुरका प्लग म्हणालात त्याने मला जरा धडधडलं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, रोडकिंगवालीने उताराचं सांगितलं तेच तुम्ही सपाट रस्त्यावर ६५ ला करत होतात. आणखी दोन-चार वेळा असं झालं असतं तर पिस्टन पकडला असता. एकदा सायलेन्सर काढून तिकडच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनवर उभ्या रेघा ओढल्यात का बघून घ्या.

एकटाच_जातो

रागवायचं काय त्यात. वायसर मीही असाच कापला होता एकदा, फक्त मी पोस्ट नाही टाकली.

उशिरा_किक

धागा वर काढतोय, काही जणांनी विचारलं पुढे काय झालं म्हणून.

पिस्टन स्वच्छ आहे, रेघा नाहीत. क्लबच्या लीडरला फोन केला, आधी वायसरची माझी चूक सांगितली, मग शेपटीवाला काकांचं ते फाट्यावर माणूस सोडायचं वाचून दाखवलं. जरा गप्प झाला. मग म्हणाला आपण ७-८ जण होतो तेव्हा लागलंच नाही कधी, वाढत गेलो आणि पद्धत तीच राहिली. फोटोखालच्या त्या ओळीबद्दल मी काही बोललो नाही, त्यानेच विषय काढला.

काल पुन्हा राईड होती, ११ गाड्या. मला लीडरच्या मागे ठेवलं, त्यामुळे पहिल्याच फाट्याला थांबायची पाळी माझी. गाडी कडेला लावली, बंद केली, हेल्मेट काढून उभा राहिलो. लीडर निघून गेला आणि एकदम शांत, कुठेतरी मोटारपंप चालू होता तेवढाच आवाज. मग एकेक यायला लागले. आधी आवाज येतो, मग वळणावर दिवा. बुलेट ऐकून कळते हे माहीत होतं, पण दोन बुलेटींचा ठोका वेगळा असतो हे मला पहिल्यांदा कळलं, एक सावकाश आणि एक जरा घाईत. मी हात दाखवतोय, ते मान हलवून वळतायत. नऊ मोजले. शेवटची गाडी येईना.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला दोनदा वाटलं निघावं, पुढे विचारू. नाही निघालो. पंधराएक मिनिटांनी लांबून तो रेंगाळणारा टू-स्ट्रोकचा आवाज आला. शेवटी राहणारे काका त्यांच्या येझदीवर, मागच्या सीटवर दुसऱ्याची तुटलेली क्लच केबल गुंडाळून ठेवलेली. त्यांच्या जराच पुढे ती बीएसए, नवीन केबलने, मालकाचे हात कोपरापर्यंत काळे. म्हणजे नऊ हे माझं मोजणं पण दोनने चुकलं होतं, कारण लीडर, मी आणि हे दोघं धरले तर मधे सातच पाहिजेत. बहुतेक दोन वाटसरूंनाही मी हात दाखवून डावीकडे पाठवलं.

काकांनी मला बघून अंगठा वर केला, मी किक मारली. चौथ्या किकला लागली.